दुलीचंदभाऊ मागच्या सीटवर

मी आमगावच्या शाळेत शिकवते आणि राहते गोंदियात, फुलचूर नाक्याजवळ. सकाळची गाडी चुकली की पहिला तास बुडतो, म्हणून गेली अकरा वर्षं मला स्टेशनवर पोचवायचं काम दुलीचंदभाऊ कटऱ्यांकडे आहे. त्यांच्यामुळे माझी गाडी एकदाही चुकलेली नाही. रेल्वे गेटाजवळ गर्दी असली तर ते सूर्याटोल्याकडून काढतात, तिकडेही अडलं तर अशा एखाद्या बोळातून की दोन्ही बाजूंच्या घरांतल्या बाया हात लांबवून आटोच्या टपावर डाळ वाळत घालू शकतील. एकतीस वर्षं आटो चालवणाऱ्या माणसाला गावाचं काय ठाऊक नसणार!

उंच, वाळका माणूस. खाकी शर्ट, गळ्यात पांढरा दुपट्टा. बोलणं एकदा सुरू झालं की स्टेशन आल्याशिवाय थांबत नाही. आणि कान असे, की मागून येणाऱ्या आटोकडे वळून न बघता म्हणतील, "मॅडम, हा छोटेलाल. बेरिंग जाऊन राहिली त्याची." दोन दिवसांनी छोटेलालचा आटो खरोखर गॅरेजात आडवा झालेला असतो. स्टेशनवरच्या आटोंच्या सगळ्या रांगेत त्यांचा हा लौकिक होता, आणि तो त्यांना स्वतःलाही पुरेसा ठाऊक होता.

त्यांच्या बायकोला, सुशिलाबाईंना, समुद्र पाहायचा होता. का, ते त्यांना सांगता येत नसे. माहेर आमगावचं, सासर गोंदियाचं, सगळं आयुष्य धानाच्या बांधीत, म्हणजे शेतात, नाहीतर घरात गेलेलं. सर्वांत मोठं पाणी म्हणजे इटियाडोहाचं धरण, तेही लग्नाच्या वऱ्हाडात जाताना बसच्या खिडकीतून पाहिलेलं. दुलीचंदभाऊ म्हणायचे, "पाणीच त होय. त्यात पाहाचं काय?" पण मागच्या वर्षी त्यांच्या मुलीला, टीनाला, नागपुरात नोकरी लागली आणि तिनं न विचारताच पुरीची दोन तिकिटं काढून आणली. गोंदियाहून थेट गाडी. चार दिवस, हॉटेलसुद्धा ठरलेलं. वरून बापाच्या फोनमध्ये आटो बोलवायचं ॲप टाकून दिलं.

"बाबूजी, तिकडे उतरल्यावर यातून आटो बोलवा. नाव येते, नंबर येते, गाडी कुठं आहे तेही दिसते."

"मी स्वतः आटोवाला," दुलीचंदभाऊ म्हणाले, "मले आटो कराले फोन पायजे? तोंड नाही का?"

पुढचं सगळं मला दोघांनी सांगितलं. भाऊंनी आटो चालवता चालवता तुकड्यातुकड्यानं, आणि सुशिलाबाईंनी एका दुपारी ओट्यावर मूग निवडत, सलग.

सकाळी पुरीच्या स्टेशनबाहेर पडल्याबरोबर पाच-सहा आटोवाल्यांनी त्यांना घेरलं. दुलीचंदभाऊंना ते दृश्य चांगलंच ओळखीचं होतं, फक्त आजवर ते घेरणाऱ्यांत असायचे. त्यांनी ऐटीत एकाशी ठरवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा परक्या गावात मागच्या सीटवर बसले. पाच मिनिटांतच त्यांचा चेहरा उतरला. आटो उजवीकडे वळला, डावीकडे वळला, पुन्हा उजवीकडे. पाट्या उडियात, ती अक्षरं गोल गोल, एकही वाचता येईना. सूर्य कुठल्या खांद्यावर आहे ते बघून दिशा धरू म्हटलं, तर आभाळ ढगाळलेलं. आटोवाल्यानं त्यांना एका हॉटेलसमोर उतरवलं नि तो गेला. आत गेल्यावर कळलं की नाव सारखं आहे, पण हॉटेल हे नव्हे.

"मी रस्त्यावर उभा राहिलो ना मॅडम," ते मला म्हणाले, "त मले कळेच ना का कोणीकडे तोंड करून उभा आहो. एकतीस वर्षांत असं कधी झालं नाही. आपल्या आटोत बसणारी बाहेरगावची माणसं अशीच उभी राहात असन ना? मले कधी समजलंच नाही."

सुशिलाबाई बॅग घेऊन पुढे चालू लागल्या होत्या. गल्लीच्या तोंडाशी त्या थबकल्या आणि ओरडल्या, "टीनाचे बाबूजी, ते भिंत कायची होय?"

गल्ली जिथं संपत होती तिथं दोन घरांच्या मधे खरंच एक भिंत उभी होती. करड्या-निळ्या रंगाची, रस्त्यापेक्षा उंच, वर एकदम सरळ रेघ ओढलेली. दुलीचंदभाऊंना वाटलं धरणाची असेल. ते जवळ जाऊ लागले तशी ती भिंत हलू लागली. तिच्यावर पांढऱ्या रेघा उमटत होत्या, पुसल्या जात होत्या. मग वारा आला, खारट, ओला, आणि त्याबरोबर आवाज. त्या आवाजात दुलीचंदभाऊंना इंजिन सापडेना, हॉर्न सापडेना, काहीच सुटं करता येईना. आयुष्यभर आवाज वेगळे करत आलेला माणूस तो. ते नुसते उभे राहिले.

"याले पल्याड नाही," सुशिलाबाई हळूच म्हणाल्या. "धरणाले त पल्याड होता."

दोघं किती वेळ उभी होती त्यांना आठवत नाही. मागून येणाऱ्या सायकलरिक्षावाल्यानं घंटी वाजवली तेव्हा बाजूला झाली. खरं हॉटेल तिथून शंभर पावलांवर निघालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं किनाऱ्यावर गेली. भिजलेल्या वाळूत कुटुंबंच्या कुटुंबं बसली होती, वेताच्या टोकदार टोप्या घातलेले कोळी यात्रेकरूंना हात धरून लाटेत नेत होते, शिंपल्यांच्या माळा विकणाऱ्या बाया फिरत होत्या. सुशिलाबाईंनी लुगडं घोट्याच्या वर खोचलं आणि पाण्यात उभ्या राहिल्या. लाट परत जाताना पायाखालची वाळू ओढून नेते, तेव्हा त्या दर वेळी नवऱ्याचा दंड धरत आणि दर वेळी हसत. तास दीड तासानं मंदिरात जायचं ठरलं. दुलीचंदभाऊंनी आदल्या दिवशीचा धडा घेतला होता. घोटाभर पाण्यातच त्यांनी फोन काढला आणि टीनानं शिकवल्यासारखं ॲप उघडलं.

नाव आलं. पीतांबर. आटोचा नंबर आला. नकाशावर एक चिमुकला आटो सरकू लागला, आणि ती दोघं जिथं होती तिथली खूण निळ्या रंगात, भर समुद्रात टोचलेली दिसली. दुलीचंदभाऊंनी ती सुशिलाबाईंना दाखवली. "पाय, आपण बुडलो."

नकाशावरचा आटो जवळ येऊन थांबला, पण माणूस दिसेना. दुलीचंदभाऊंनी फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. चार वेळा लावला. "भाडं घेते अन् फोन उचलत नाही! आमच्या रांगेत असा असता त..." एवढ्यात फोनवर हिंदीत चार शब्द आले. मैं सुन नहीं सकता. खाली आणखी एक ओळ. हाथ ऊपर कीजिए.

चष्मा लावून पाहिलं तर ॲपनं आधीच नावाखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की या चालकाला ऐकू येत नाही, फोन करू नका. दुलीचंदभाऊंनी हात वर केला. किनाऱ्याच्या रस्त्यावरच्या त्या गर्दीत, पलीकडे, एका आटोला टेकून उभ्या असलेल्या माणसानं हात वर केला.

चाळिशीचा, काळासावळा, दाट मिशीचा माणूस. भाऊंनी त्याला आणि आटोला आळीपाळीनं पाहिलं आणि बायकोला म्हणाले, "नाही बसाचं. बयरा आहे हा. याले मागचा हॉर्न आयकू येणार नाही. आपल्याले मारन."

पण सुशिलाबाई आत बसल्या होत्या. त्यांनी पुढे वाकून त्या माणसाच्या खांद्याला दोन बोटं लावली, तो वळला, आणि त्यांनी पाची बोटं एकत्र करून तोंडाकडे नेली, भुवया उंचावल्या. जेवलास का? त्यानं पोटावरून हात फिरवला आणि मान डोलावली. जेवलो. मग त्यानं आकड्यांसाठी बोटं दाखवली, आणि दुलीचंदभाऊंना कळायच्या आत सुशिलाबाईंनी त्यांच्या हातातला फोन घेऊन त्यात ॲपनं दिलेला चार अंकी नंबर त्याच्यासमोर धरला. दोघांचं जणू रोजचंच बोलणं.

सुशिलाबाईंना हे येत होतं, कारण त्यांचा धाकटा भाऊ कवडू जन्मापासून बहिरा आहे. आईबाप शेतावर गेले की त्याला सांभाळायचं काम त्यांचं. शाळेत कोणी शिकवलेली नव्हे, तर बहीणभावानं घरात बसून तयार केलेली अशी त्यांची खुणांची बोली. दुलीचंदभाऊंना ती तीस वर्षांत दोन-तीन शब्दांपलीकडे आली नाही. कधी लागलीच नाही, असं ते म्हणत.

आता त्यांना बसावंच लागलं. एका हातानं सीटपुढचा दांडा घट्ट धरून, मान मागं वळवून, मागून काही आलं तर या माणसाचा खांदा हलवायचा अशा तयारीत. मंदिरासमोरचा रस्ता म्हणजे केवढा रुंद, आणि तरी भरलेला. यात्रेकरूंचे जथे, सायकलरिक्षा, बॅटरीवाले आटो, आणि मधे निवांत बसलेले बैल. मागून एक मोटरसायकल हॉर्न वाजवत आली. दुलीचंदभाऊंनी हात पुढे केला, पण तो खांद्याला लागायच्या आधीच आटो हातभर डावीकडे सरकला होता आणि मोटरसायकल निघून गेली होती. पुन्हा एक आली, पुन्हा तेच. मग त्यांनी मागं बघणं सोडलं आणि त्या माणसाकडे बघू लागले.

त्याच्या आटोला तीन आरसे होते. त्याची मान एक क्षण स्थिर नव्हती. डावा आरसा, समोर, उजवा आरसा, समोर, वरचा आरसा. समोरच्या माणसांचे चेहरेसुद्धा तो वाचत होता. समोरून येणारी बाई जरा कुठं दचकून आटोच्या मागं बघायला लागली, की मागून काही येत आहे हे त्याला कळायचं. एका ठिकाणी रस्ता मोकळा असताना त्यानं अचानक ब्रेक लावला. दुलीचंदभाऊ म्हणाले, "काऊन थांबला हा?" आणि उभ्या बसच्या आडून एक बैल सावकाश बाहेर आला. बसच्या पोटाखालून बैलाचे पाय पीतांबरला आधीच दिसले होते.

"मी एकतीस वर्षं कानानं गाडी चालवली मॅडम," दुलीचंदभाऊ मला म्हणाले, आणि हे सांगताना त्यांनी चक्क आटो बाजूला घेऊन थांबवला. "हॉर्न वाजला का मी पाहतो. तो वाजाच्या पहिलेच पाहते. मले वाटलं, याच्यापुढं मी काल परवा शिकलो."

मंदिरात दर्शन झालं, कळसावरचा ध्वज पाहून सुशिलाबाईंनी हात जोडले, पण भाऊंचं अर्धं लक्ष बाहेर उभ्या असलेल्या त्या आटोकडे होतं. संध्याकाळी त्यांनी स्वतःच ठरवलं की उद्या दिवसभर हाच. फोनवर एक-एक अक्षर शोधत त्यांनी हिंदीत लिहिलं, कल समुद्र दिखाओ, जहाँ भीड़ नहीं. उत्तर आलं, सुबह सात.

कोणार्कच्या बाजूला जाणारा तो रस्ता सुरूच्या बनातून जातो. दोन्हीकडे सरळ उंच झाडं, खाली पिवळी वाळू, आणि झाडांच्या फटींतून मधूनच निळं काहीतरी चमकून जायचं. सुशिलाबाई दर चमकेला बोट दाखवत होत्या. निम्म्या वाटेवर दुलीचंदभाऊंचे कान टवकारले. इंजिनाचा ठोका चुकत होता. तीन ठोके बरे, चौथा गळालेला. "आता याले कसं सांगावं?" असं म्हणत ते पुढं वाकले, तर आटोचा वेग कमी होत होता आणि पीतांबर बाजूला घेत होता. त्यानं वळून त्यांच्याकडे पाहिलं, आपल्या पायाकडे बोट केलं. चप्पल काढून तो अनवाणी पायानं चालवत होता. खालच्या पत्र्यावर टेकलेल्या त्या तळव्यानं त्याला तेच सांगितलं होतं, जे कानांनी दुलीचंदभाऊंना.

दोघं उतरले. मागचं झाकण उघडून वाकले. भाऊंनी प्लगकडे बोट दाखवलं, आणि पीतांबरचं बोट त्याच क्षणी तिथंच आलं होतं. दोन बोटं एकमेकांवर आपटली. दोघंही हसले. प्लगची टोपी ढिली झाली होती, टोकावर काजळी धरली होती. पीतांबरनं प्लग काढला, भाऊंनी दुपट्ट्याच्या कोपऱ्यानं पुसला, काचकागदाच्या तुकड्यानं घासला, परत बसवला. इंजिन सुरू झाल्यावर पीतांबरनं भाऊंचा हात धरून इंजिनाच्या अंगावर ठेवला. गरम पत्रा, आणि त्याखाली एकसारखा, न चुकणारा ठोका. भाऊंनी हात काढला नाही.

"माझ्या बापानं मले आटो शिकवला तेव्हा असा हात ठेवला नव्हता," ते म्हणाले.

थोडं पुढं जाऊन पीतांबरनं आटो झाडांत उभा केला आणि त्यांना वाळूतून चालत घेऊन गेला. तिथं माणूस नव्हता. किनारा एकदम उतरता होता, त्यामुळे लाट लांबून येऊन लोळत नव्हती. डोक्याइतकी उंच उभी राहायची आणि तिथंच, सगळीच्या सगळी, कोसळायची. सुशिलाबाईंनी तोंडावर हात धरला. डावीकडे पाणी, उजवीकडे पाणी, मधे ती तीन माणसं. दुलीचंदभाऊंच्या मनात आलं, हा माणूस या पाण्याच्या काठी जन्मला आणि याला हा आवाज माहीत नाही. त्यांना फार वाईट वाटलं. ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं असावं. पीतांबरनं त्यांच्याकडे पाहिलं, मग समुद्राकडे, आणि त्यांना खाली बसायची खूण केली.

ते बसले. पीतांबरनं त्यांचे दोन्ही तळहात ओल्या वाळूवर दाबून ठेवले. गार लागलं, बस. मग तो त्यांच्या मागं गेला आणि आपल्या दोन्ही हातांनी त्यांचे कान बंद केले. गच्च.

समोर लाट उभी राहिली. आवाज न करता वर चढली, वाकली, कोसळली. आणि वाळू धडकली. तळहातांतून तो धक्का मनगटात आला, कोपरात आला, छातीच्या फासळ्यांत शिरला. फलाटाच्या कडेला उभं असताना न थांबता मालगाडी निघून जाते तेव्हा तळपायांत जे भरतं, त्याहून खोल. मग ओसरणाऱ्या पाण्याबरोबर एक लांब, बारीक सरसर हातांखालून गेली. मग काही नाही. मग पुन्हा, दुरून, पुढची लाट कोसळण्याआधीच वाळूनं अंग आवळून घेतल्यासारखं. आणि धडक.

पीतांबरनं हात केव्हा काढले ते भाऊंना कळलं नाही. कान उघडे होते, आवाज येत होता, पण तो त्यांना वरवरचा वाटू लागला. खरा समुद्र खाली होता. सुशिलाबाई शेजारी आडव्या होऊन गाल वाळूला लावून, डोळे मिटून पडल्या होत्या. कितीतरी वेळानं त्या उठल्या. अर्ध्या चेहऱ्याला वाळू चिकटलेली.

"कवडूले बी असंच सारं समजत असन," त्या म्हणाल्या.

दुलीचंदभाऊंना सव्वीस वर्षांपूर्वीची एक दुपार आठवत होती. कवडू तेव्हा बावीस वर्षांचा, त्यांच्याकडे गोंदियाला आलेला. त्यानं आटोच्या हँडलचा दांडा धरून खूण केली होती, मला शिकवा. आणि दुलीचंदभाऊंनी सगळ्या रांगेसमोर हसून कानाला हात लावला होता, मान हलवली होती. "याले भोंगा आयकू येत नाही, हा काय आटो चालवन!" सगळे हसले होते. कवडू संध्याकाळच्या गाडीनं आमगावला परत गेला होता. त्यानंतर त्यानं कधी विचारलं नाही.

परतीच्या वाटेवर सुशिलाबाई आणि पीतांबर यांचं बोलणं चाललं होतं. थोडं हातांनी, थोडं फोनवर लिहून, जे भाऊ वाचून दाखवत. पीतांबरचा बाप कोळी. पण होडीवर ज्याला हाक मारून सावध करता येत नाही त्याला कोणी नेत नाही, म्हणून भावांबरोबर त्याला कधी समुद्रात जाता आलं नाही. तो जमिनीवर राहिला आणि गाडी शिकला. लायसन्स मिळवायला फार फेऱ्या माराव्या लागल्या. हात उघडझाप करत त्यानं दाखवलेला आकडा सुशिलाबाईंना मोजता आला नाही. घरी बायको आणि दोन मुली, तिघींनाही ऐकू येतं. धाकटीनं त्याच्या आटोच्या काचेवर पिवळ्या रंगात मासा काढला होता. भाऊंनी विचारलं, म्हणजे लिहिलं, आपको सिखाया किसने? पीतांबरनं स्वतःच्या डोळ्यांकडे दोन बोटं केली.

चौथ्या दिवशी त्यानंच त्यांना स्टेशनवर सोडलं. भाऊंनी त्याच्या दोन्ही हातांना हात लावून कपाळाला लावला. वयानं लहान माणूस, तो ओशाळला.

गोंदियाला आल्यावर दुलीचंदभाऊंनी आठवडाभर मला त्या समुद्राशिवाय दुसरं काही सांगितलं नाही. मग एका शनिवारी सकाळी, अर्ध्या दिवसाची शाळा होती, ते मला सोडायला आले तर मागच्या सीटवर सुशिलाबाई नवं लुगडं नेसून बसलेल्या. "आम्ही बी तुमच्या गाडीनं आमगावले येऊन राहिलो," भाऊ म्हणाले. "कवडूशी बोलाचं आहे. शाळा सुटली का तुम्ही बी या मॅडम. मले एकट्याले नाही जमन."

कवडू आमगावच्या एका राईस मिलमध्ये पोती वाहायचं काम करतो, एवढंच भाऊंना माहीत होतं. मी शाळेतून गेले तेव्हा मिलच्या फाटकाशी तिघं उभी होती. धानाचे दिवस. आवारात ढीगच्या ढीग, हवेत कोंड्याची धूळ, उन्हात सोनेरी दिसणारी. कवडू अठ्ठेचाळिशीचा, रुंद खांद्यांचा, भुवयांवरही कोंडा बसलेला. दुलीचंदभाऊंनी त्याच्यासमोर उभं राहून हात जोडले. कवडू घाबरला. त्यानं बहिणीकडे पाहून खूण केली, ती मलाही कळली. कोण गेलं?

सुशिलाबाई हसल्या, मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. आटोचा दांडा. कान. मान हलवणं. पुष्कळ, पुष्कळ वर्षं मागं. मग मोठ्ठं पाणी, एक माणूस, बंद कान, आटो. शेवटी नवऱ्याकडे बोट दाखवून त्यांनी आपल्या कपाळावर हात मारला. कवडू टक लावून बघत होता. मधेच त्याला आठवलं. चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं, राग म्हणता येणार नाही असं. मग त्यानं भाऊंचं मनगट धरलं आणि त्यांना मिलच्या मागं घेऊन गेला.

मागं एक ट्रॅक्टर उभा होता. मागं ट्रॉली, धानाच्या पोत्यांनी भरलेली, दोन माणसांच्या उंचीएवढी. कवडूनं पायांतल्या चपला काढल्या, वर चढला, ट्रॅक्टर सुरू केला आणि ट्रॉली उलटी घ्यायला लागला. ट्रॉलीच्या मागं गोदामाचं दार होतं. ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंना वीतभर जागा. उलटी ट्रॉली किती हट्टी असते हे ज्यानं कधी घेतली त्यालाच माहीत. पुढचं चाक डावीकडे न्यावं तर मागचं उजवीकडे पळतं. कवडूनं एकदाही थांबून पाहिलं नाही. मान हलत होती, डावीकडे, मागे, उजवीकडे, मागे. ती भली मोठी ट्रॉली सापानं बिळात शिरावं तशी दारातून आत गेली, आणि एकाही पोत्याला चौकटीचा स्पर्श झाला नाही.

मिलचे मालक ईश्वरदास दारात उभे होते. "पंधरा वर्षांपासून आवारात अन् शेतात हाच चालवते," ते म्हणाले. "बाकीच्यांनी मह्या दोन चौकटी तोडल्या. यानं एक बी नाही."

दुलीचंदभाऊ बायकोकडे वळले. "तुले माहीत होतं?"

"होतं."

"मले काऊन सांगितलं नाही?"

"तुम्ही कधी विचारलं?" सुशिलाबाई म्हणाल्या. रागानं नव्हे. जसं आहे तसं.

भाऊ गोदामात गेले. ट्रॅक्टर चालूच होता. त्यांनी तळहात बोनेटवर ठेवला, कवडूच्या तोंडाकडे पाहिलं आणि दुसऱ्या हातानं खूण केली, ती चुकीची असावी, कारण कवडू खो खो हसला आणि खाली उतरून त्यानं त्यांची बोटं धरून नीट करून दिली. भाऊंनी पुन्हा केली. तो शब्द काय होता, ते त्या दोघांनी मला सांगितलं नाही.

मग कवडूनं बहिणीला विचारलं, ते पाणी केवढं होतं? सुशिलाबाईंनी हात पसरले. पुरेनात. त्यांनी मिलच्या फाटकाबाहेरच्या कापलेल्या बांध्यांकडे दाखवलं, रेल्वेपर्यंत, रेल्वेच्या पलीकडे, आभाळ टेकतं तिथपर्यंत, आणि मग हताश होऊन मान हलवली. नाही. असं नाही. कवडूनं समजल्यासारखी मान डोलावली, पण त्याला पटलेलं नव्हतं हे स्पष्ट दिसत होतं. बाहेर दुसरी ट्रॉली येऊन उभी राहिली होती. तो ट्रॅक्टर काढायला वर चढला, आणि दुलीचंदभाऊ दुपट्टा कमरेला गुंडाळून, न विचारता, त्याच्या बाजूच्या मडगार्डवर जाऊन बसले.